पहिला घोट

आमच्या मंडळीत शूर माणसांची कधीच कमतरता नव्हती. दर रविवारी सकाळी नवीन पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये शूरवीर गोळा होतात. गाण्यातून प्राण देतात, प्रार्थनेतून प्राण देतात, आणि साक्ष द्यायला माईक हातात आला की मग तर विचारूच नका. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आमच्याकडे देवानं बहुतेकांना फ्लॅट दिलेले असतात. कुणाला खांदा कॉलनीत, कुणाला सुकापूरच्या नव्या टॉवरमध्ये, कुणाच्या जावयाला विमानतळावर नोकरी. आणि शेवटी आवाज चढवून, "त्याच्यासाठी मी मरायलाही तयार आहे!" सगळे आमेन म्हणतात. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणते, अहो, मरायचं राहू द्या, आधी ती स्कूटर बाजूला घ्या, दार अडलंय.

माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. बरोबरच आहे लोकांचं. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. तिथं गोड बोलून कुणी इंजेक्शनला हात पुढे करत नाही.

ह्या शूरवीरांचे सेनापती म्हणजे आमचे सेक्रेटरी. केमिकल कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, पांढरी सफारी, खिशाला दोन पेनं. मरायला सगळ्यात आधी तेच तयार असतात. आणि दुसरे आमचे पाळक, म्हणजे पाद्री. बारीक अंगाचा, तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. कुणी काहीही म्हणालं, भांडलं, ओरडलं, तरी ह्यांचं एकच उत्तर, "आपण प्रार्थना करू या." मी त्यांना शेळपट म्हणायचे. बहुतेक वेळा मनात.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस. वेदीपुढच्या कठड्यापाशी ओळीनं गुडघे टेकायचे. पाळक प्याला घेऊन येतात, एकेकाच्या ओठाला लावतात, पांढऱ्या फडक्यानं कड पुसतात, प्याला जरासा फिरवतात आणि शेजारच्याला देतात. प्याला सगळ्यांचा मिळून. चांदीचं पाणी दिलेला, जुना, दोन-तीन ठिकाणी पोचा आलेला. आणि रिवाज असा की मंडळीत जो नव्यानं सामील होईल, त्याचा त्या महिन्यात पहिला मान. पहिला घोट त्याचा, बाकी मंडळी त्याच्या मागून.

सेक्रेटरींचा मुलगा वयात येऊन रीतसर सभासद झाला, त्या वर्षी त्याचा असाच मान होता. पोराला सडकून सर्दी झालेली. शर्टाच्या बाहीला नाक पुसत पुसत त्यानं पहिला घोट घेतला, फोटोग्राफरनं फोटो काढला, आणि आम्ही सगळे निमूटपणे त्याच्या मागून प्यालो. कुणाला जंतू आठवले नाहीत. करोनात मीच भांडून प्याला कपाटात ठेवायला लावला होता. ते दिवस सरल्यावर "आपली परंपरा आहे, प्याला बाहेर काढा" म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? हेच सेक्रेटरी.

मग ती आली.

झालं काय, की नाताळात आमचं महिला मंडळ सुकापूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका कातकरी वाडीवर गेलं होतं. जुन्या साड्या, चादरी, लाडवांची पाकिटं. कोयरनं दोन गाणी म्हटली, एकीनं येशूची गोष्ट सांगितली, चादर देताना हसरे फोटो काढून झाले, आणि सगळ्या उन्हं चढायच्या आत गाडीत बसल्या. पुढच्या रविवारी त्या वाडीतली एक बाई चालत चर्चला आली. गुडघ्यावर नेसलेलं हिरवं लुगडं, भाजलेल्या मातीचा रंग बोटांत भिनलेला. वीटभट्टीवर नवऱ्याबरोबर विटा थापायची. ती चपलांच्या ढिगाजवळ मागं बसली. सेक्रेटरींनी मला विचारलं, "चादर मिळाली नव्हती का हिला?"

उपासना सुटल्यावर ती माझ्याकडे आली. "बाय, त्या दिशी सांगितलं ना, त्यो मानूस मरताना मारनाऱ्यांना माफ कर म्हनाला. खरं हाय?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"मंग येनार मी."

आणि यायला लागली. भट्टीच्या हंगामात शनिवारी अंधार पडेपर्यंत विटा थापून रविवारी सकाळी हजर. टॉवरमधली माणसं लिफ्टनं खाली उतरायला कंटाळतात, हिच्या पायाला डोंगराची धूळ. धुळीनंच तिला खोकला धरला होता. मी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन थुंकी तपासून आणली, छातीचा फोटो काढून आणला. काही नव्हतं. वर्षभरानं ती पाळकांना म्हणाली, मला पाणी द्या. म्हणजे बाप्तिस्मा द्या. पाळक तिला दर आठवड्याला शिकवत होते, तेव्हा मला वाटायचं, चला, एवढं तरी करतायत.

बाप्तिस्म्याच्या आधी मी एकदा तिच्या वाडीवर बीपीचं मशीन घेऊन गेले होते. ती दारात भांडी घासत होती. समोरून तिचा दीर आला, बरोबर वाडीतली तीन-चार जाणती माणसं. भर दुपारी, सगळ्या वाडीसमोर त्यानं तिला विचारलं, "तिकडं जाऊन पानी घेनार? त्यांच्यात खानार-पिनार?"

"हा."

"मंग आमच्यात नाय. हळदीला नाय, मयताला नाय. पंगतीत तुजं पान नाय. पोरीची हळद हाय म्हैन्यानं, तुला बोलावनार नाय. आत्ताच सांगतो."

तिचा नवरा उंबऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "तुजं तू बघ." ती म्हणाली, "बरं," आणि पातेलं घासत राहिली. पण राखेचा हात दोनदा त्याच त्याच जागी फिरला, ते मी पाहिलं. दिराची ती मुलगी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आई भट्टीवर जायची तेव्हा हिनंच तिला आंघोळी घातलेल्या. वाडीत माणसाला पंगतीतून उठवलं की उरतंच काय? बँकेत काय पडलंय का तिचं? मला त्या दिराचा असा राग आला की बीपीचं मशीन त्याच्या डोक्यात घालावं. पण मी बाहेरची. गप्प बसले आणि मनात म्हटलं, जाऊ दे, ह्यांनी एका पंगतीतून उठवलं, आम्ही दुसऱ्या पंगतीत बसवू. भोळसटपणा, दुसरं काय!

बाप्तिस्मा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकले, हात जोडल्याची चित्रं पाठवली. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. येत्या रविवारी प्रभुभोजन. पहिला घोट हिचा. आणि तिच्या मागून सगळ्यांनी प्यायचं!

गुरुवारी सेक्रेटरींनी मला घरी चहाला बोलावलं. हॉलमध्ये कमिटीची माणसं सोफ्यावर ओळीनं बसलेली, कोपऱ्यात पाळक. आत स्वयंपाकघरात सेक्रेटरींची बायको मनुका उकळत होती. प्रभुभोजनाचा रस दर महिन्याला तीच करते. आदल्या दिवसापासून काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. ह्या बाईला मी आजवर चार वाक्यांच्या वर बोलताना ऐकलं नव्हतं. घरात बोलायचं काम नवऱ्याकडे होतं.

"सिस्टर," सेक्रेटरी म्हणाले, "विषय जरा डेलिकेट आहे. आपण कुणाच्या विरुद्ध नाही हं, तसा गैरसमज नको. पण हायजीनच्या दृष्टीनं बघायला गेलं, तर सामाईक प्याला म्हणजे..."

"अस्सं! जंतू झाले वाटतं परत सुरू?"

"तिला खोकला आहे हो."

"भट्टीची धूळ आहे ती. सगळ्या तपासण्या मी स्वतः करून आणल्यात."

"तुम्हाला माहीत आहे. लोकांना काय माहीत?"

"मग लोकांना सांगा."

"तेच तर!" ते खुर्चीत पुढं सरकले. "तेच तुम्ही सांगायचंय. फक्त वेगळ्या पद्धतीनं. तिचं नाव नको, काही नको. जनरल. प्याल्यानं संसर्ग होऊ शकतो, म्हणून आता मंडळीनं छोटे कप सुरू केलेत. पाचच मिनिटं. तुम्ही मेडिकल लाइनमधल्या. तुमचा शब्द कुणी खाली पडू देत नाही."

म्हणजे गंमत बघा. कातकरणीच्या उष्ट्याची शिसारी ह्यांना, आणि ती झाकायला पांढरा अ‍ॅप्रन माझा. ही तीच माणसं, जी दर रविवारी छातीवर वार झेलायला तयार असतात. मरायचं म्हटलं की पुढं, ओठ लावायचा म्हटलं की मागं.

"तुमच्या चिरंजीवांचं नाक गळत होतं," मी म्हटलं, "तेव्हा का नाही मला पाच मिनिटं दिलीत?"

आत पातेल्यात फिरणारा डाव थांबला. सेक्रेटरींचं तोंड लाल झालं. मी पाळकांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी हा गृहस्थ काही बोलेल. वर्षभर शिकवलंय ना तिला? त्यांनी चहात बुडवलेलं बिस्किट मोडून कपात पडलं होतं. ते चमच्यानं काढता काढता ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

"तुम्ही करा," मी म्हटलं. "मला रिक्षा बघायचीय." आणि उठले. एवढा संताप झाला होता की चप्पल उलटसुलट घालून जिना उतरले.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. डोक्याला चापून तेल, तेच हिरवं लुगडं पण धुऊन कडक वाळवलेलं. पाळकांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या बाकावर बसली. एकटीच. त्या बाकावर इतर रविवारी जागेवरून वाद होतात. त्या दिवशी बाकी सगळ्यांना मागं वारा चांगला लागत होता.

टेबलावर पांढऱ्या कापडाखाली स्टीलचे ट्रे. ट्रेमध्ये प्लास्टिकचे इवलेसे कप, खोकल्याच्या औषधावर टोपण येतं ना, तेवढे. जुना प्याला मधोमध ठेवलेला. पाळकांनी तो प्रार्थनेपुरता उचलायचा, एवढंच त्याचं काम उरलं होतं. सेक्रेटरींनी माईकवरून जाहीर केलं, "आरोग्याच्या दृष्टीनं कमिटीनं एक स्तुत्य निर्णय घेतला आहे." मागून कुणीतरी टाळीही वाजवली. शाब्बास!

प्रार्थना झाली. पाळकांनी नव्या सभासदाला पुढं बोलावलं. ती कठड्याशी गुडघे टेकून बसली. त्यांनी तिला भाकरीचा तुकडा दिला. सेक्रेटरी लगेच ट्रे घेऊन पुढं झाले. पाळकांनी मात्र जुना प्याला उचलला. तो तिरका झाला आणि रस कापडावर सांडला. सेक्रेटरी ट्रे घेऊन त्यांच्या वाटेतच उभे.

"बाजूला व्हा, साहेब," पाळक म्हणाले. आवाज तोच, तोंडातल्या तोंडातला. पण म्हणाले. सेक्रेटरींना कळेना ऐकू आलं ते खरं की काय, पण बाजूला झाले.

तिनं प्याला दोन्ही हातांनी धरला. आमच्यासारखं ओठाला ओझरतं लावणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं चांगला घोट घेतला, मान मागं गेलेली मला बाकावरून दिसली. पाळकांनी प्याला परत घेतला. फडकं त्यांच्या मनगटावर होतं. त्यांनी कड पुसली नाही. तिनं ओठ लावला होता तिथंच ओठ लावून ते प्यायले. मग प्याला घेऊन कठड्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "या."

कुणी हललं नाही. पंखे तेवढे फिरत होते. माणसं बायबलमध्ये काहीतरी शोधायला लागली, एक-दोघांना मोबाइलवर महत्त्वाचं काम निघालं. मी उठले. खरं सांगते, भक्तीनं नाही उठले. रागानं उठले. माझे गुडघे एरवी चार पायऱ्यांना कुरकुरतात, त्या दिवशी कुरकुरायची त्यांची छाती झाली नाही. माझ्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काय बदललंय ह्याचा पत्ताच नव्हता. पहिला रविवार म्हणजे कठड्याशी जायचं, एवढं त्यांना ठाऊक. भिंत चाचपत आले आणि टेकले.

आणि मग बायकांच्या बाजूनं पदर सावरत सेक्रेटरींची बायको उठली. "अगं," सेक्रेटरी दातांतल्या दातांत म्हणाले. "अगं, कुठं..." तिनं वळूनही पाहिलं नाही. ती माझ्या बाजूला बसली नाही, म्हातारबाबांच्याही नाही. सरळ त्या हिरव्या लुगड्याशेजारी गेली, कोपराला कोपर लागेल अशी टेकली, आणि प्याल्यासाठी मान वर केली.

बस्स. बाकी सगळी मरायला तयार असलेली माणसं बाकांवरच बसून राहिली. पाळकांनी खूप वाट पाहिली. रिवाजाप्रमाणे उरलेला रस ओतून द्यायचा नसतो, पाळकांनीच संपवायचा असतो. एरवी तळाला चमचाभर उरतो. त्या दिवशी प्याला भरलेला होता. ते सगळ्यांसमोर उभे राहून तो शेवटपर्यंत प्यायले. ट्रेवरचं कापड त्यांनी काढलंच नाही. शेळपट म्हणायचे मी त्यांना! रिकामा प्याला टेबलावर ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला.

बाहेर आल्याबरोबर सगळ्यांना कंठ फुटला. "पाळकांनी आज मंडळीला प्रभुभोजनच दिलं नाही!" अहो, तो माणूस प्याला पुढं करून उभा होता, हात अवघडेपर्यंत! तर म्हणे, दिलं नाही. पाळकांविरुद्ध चर्चच्या वरच्या ऑफिसात अर्ज करायचं तिथल्या तिथं ठरलं. आत टेबलावर त्या इवल्या कपांना मुंग्या लागल्या होत्या.

ती पायरीवर बसून चपलेचा अंगठा ठीक करत होती. सेक्रेटरी तिच्याकडे गेले. चेहऱ्यावर हसू, हात जोडलेले, मध्ये अंतर व्यवस्थित. "फार आनंद झाला हं आम्हाला. काही गैरसमज करून घेऊ नका. आपण सगळे एकाच कुटुंबातले. ते कप वगैरे फक्त हायजीनसाठी."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. "दादा," ती म्हणाली, "माजा दीर तरी तोंडावर बोलला."

सेक्रेटरी कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून निघून गेले.

मी तिला रिक्षात घातली, सुकापूरच्या नाक्यापर्यंत बरोबर गेले. वाटेत ती म्हणाली, "आज हळद हाय दिराच्या पोरीची."

"मग आत्ता घरी जाऊ नकोस," मी म्हटलं. "माझ्याकडे चल. जेव, पड जरा. संध्याकाळी जा."

"नको बाय. दारात बसनार मी. दिसू दे त्यांना. मी काय चोरी केलीय लपायला?" मग तिनं पदरानं डोळे पुसले, अगदी उघडपणे. "पोरगी चांगली दिसंल हळदीत. लांबून बगीन."

"आणि पुढच्या महिन्यात? ह्या असल्या लोकांत परत येणार तू?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळचट बोलले. "मी त्यांच्यासाठी कुठं आली व्हती?"

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आली, आणि पहिल्या बाकावर बसली. आता मान तिचा नव्हता, नवा सभासद कुणी नव्हता, पण तिला ती जागा आवडली असावी. अर्ज वर गेलेला होता, पाळकांची बदली होणार अशी कुजबुज होती, तरी जुना प्याला टेबलावर होता आणि ट्रे कुठंच दिसत नव्हते. सेक्रेटरींची बायको आत आली. नवऱ्याशेजारच्या नेहमीच्या बाकावरून पुढं गेली आणि हिरव्या लुगड्याला लागून बसली. दोघी काहीतरी हळू बोलत होत्या. मनुका किती वेळ भिजवायच्या ते चाललं होतं.

साक्षीची वेळ झाली. सेक्रेटरी माईकपाशी गेले. देवानं ह्या महिन्यात मुलाला बढती दिली होती, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मग सवयीनं आवाज चढवला, "आणि म्हणून मी म्हणतो, त्याच्यासाठी मी..." आणि त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली. दोघी मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. ते थांबले. खिशातली पेनं चाचपली. "आमेन," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

मग पाळक प्याला घेऊन कठड्याशी आले. सेक्रेटरी बसूनच राहिले.